शिलकीचा स्वयंपाक

पाकशास्त्रावरील ग्रंथ बहुधा साहित्याच्या यादीपासून प्रारंभ होतात, आणि ज्या घरात त्या यादीतील निम्म्या वस्तू नाहीत त्या घराने पुढे काय करावे, याविषयी ते ग्रंथ मौन पाळतात. लक्ष्मीबाई धुरंधरांचे ‘गृहिणीमित्र’ १९१० साली निघाले आणि त्यात हजार पाकक्रिया आहेत, कमलाबाई ओगल्यांच्या ‘रुचिरा’ने १९७० नंतर महाराष्ट्रातील असंख्य नवविवाहित मुलींना सासरी तारून नेले, ह्या दोन्ही पुस्तकांविषयी मला नितांत आदर आहे. परंतु वऱ्हाडातल्या ज्या घरात माझी जीभ घडली, तेथील पाकशास्त्र यादी संपल्यानंतरच सुरू होत असे. आमची मोठी आई, म्हणजे वडिलांच्या थोरल्या भावाची बायको, चुलीपुढे बसली असता एखादी सून उंबऱ्यातून तेल सरल्याची आणि बाजारातून भाजी न आल्याची वर्दी देऊ लागली, की मोठी आई मान वर न करता म्हणे, “काय नाई ते नको सांगू वं, काय हाये ते सांग.” मग घरात काय आहे याची झडती सुरू होई आणि तासाभरात आठ-दहा माणसांचे जेवण उभे राही, ते कसे, याचा उलगडा करण्याइतकी जिज्ञासा त्या वयात आम्हांला नव्हती, भूक मात्र होती.

वऱ्हाड हा कापसाचा मुलूख. १८५३ च्या तहान्वये निजामाने तो इंग्रजांच्या हवाली केल्यावर, आणि पुढील दशकात अमेरिकेतील यादवी युद्धामुळे विलायतेतील गिरण्यांना कापसाची ददात पडल्यावर, ह्या काळ्या जमिनीची कीर्ती समुद्रापलीकडे गेली. रेल्वे आली, जिन आणि प्रेस उभ्या राहिल्या, अमरावती, अकोला, खामगाव ह्या पेठांतून गाठींच्या राशी मुंबईकडे निघाल्या, आणि महसुलाच्या दफ्तरात हा प्रांत सधन म्हणून नोंदला गेला. ती नोंद खोटी नव्हती. परंतु ती बाजाराच्या ओट्यावर बसून केलेली होती. कापसाचा पैसा सावकाराचे व्याज, सरकारी सारा आणि लग्नकार्ये यांतून वाट काढीत घरात येई तोवर त्याचे अस्तित्व नाममात्र उरे, आणि जो सालदार तो कापूस पिकवी त्याच्या पदरी वर्षाच्या कराराची ज्वारी व थोडीशी रोकड एवढेच पडे. त्यामुळे ह्या सधन प्रांतातील बहुसंख्य चुलींपर्यंत कापूस पोहोचे तो एकाच रूपाने, पऱ्हाटीच्या.

पऱ्हाटी म्हणजे कापसाची वाळलेली झाडे, वेचणी आटोपल्यावर उपटून घरामागे रचून ठेवलेली. आणि वऱ्हाडी जेवणाचा विचार करणाऱ्याने मसाल्याच्या डब्याआधी ह्या ढिगाऱ्याचा विचार करावा, असे माझे स्पष्ट मत आहे. पऱ्हाटी चटकन पेटते, भडकते आणि तितक्याच त्वरेने विझते. असल्या विस्तवावर तास-दोन तास रटरटणारे पदार्थ शिजवू गेल्यास जळणाचा ढीग पौषातच सरायचा. ह्या विस्तवाला मानवते ती भाकर, जी तव्यावर पडून, पाण्याचा हात फिरून, उलटून आणि शेवटी निखाऱ्यांसमोर उभी राहून फुगेपर्यंत फारसा वेळ घेत नाही. आणि तिच्या जोडीला मानवते ते चून, ज्याला घाटावर पिठले म्हणतात. तेलात मोहरी-जिरे, ठेचलेला लसूण, कांदा आणि हिरवी मिरची परतावी, हळद-मीठ टाकून एका वाटी बेसनाला अडीच-तीन वाट्या ह्या हिशेबाने पाणी ओतावे, त्याला आधण आले की एका हाताने पीठ वैरीत दुसऱ्या हाताने घोटीत राहावे, आणि दोन वाफा आल्या की उतरावे. पाहुणा वाढला तर पाणी वाढते. पाणी बेताचे ठेवून पीठ मोकळे परतले तर तोच ऐवज झुणका होतो आणि फडक्यात बांधून शेतावर नेता येतो. हरभऱ्याची डाळ अखंड शिजवायची तर जळण आणि वेळ दोन्ही लागतात; तीच दळून पीठ केली की जात्याने चुलीचे काम आधीच करून ठेवलेले असते.

गोवरीचा स्वभाव नेमका उलटा. ती धुमसत राहते, ज्वाळा धरीत नाही, आणि तिच्या राखेखाली ऊब बराच वेळ टिकते. म्हणून तिच्यासाठी रोडगे. गव्हाचे जाडसर पीठ मीठ-तेल घालून घट्ट मळावे, एका पारीत दुसरी, दुसरीत तिसरी असे एकात एक गोळे बसवून वर बंद करावेत, गोवऱ्यांच्या पेटल्या आरात खुपसावेत आणि गप्पा मारीत बसावे. तवा नको, कढई नको. रोडगा बाहेर काढून राख झटकली, हाताने दाबून फोडला आणि ऐपत असल्यास तुपाचा हात लावला की झाले. जोडीला वांग्याची तिखट भाजी आणि घट्ट वरण. आज अकोला-अमरावतीकडे मारुतीच्या पारावर किंवा शेतात रोडग्यांच्या पंक्ती उठतात त्या हौसेच्या असतात आणि तेथे तुपाची कंजुषी होत नाही. मात्र हा पदार्थ मूळचा अशा माणसाचा आहे, ज्याच्यापाशी पीठ होते, शेण होते, आणि भांडी घरी राहिली होती.

पाण्याचीही एक गोष्ट सांगितली पाहिजे. पूर्णा नदीच्या दोन्ही तीरांवर अमरावती, अकोला आणि बुलढाणा ह्या तीन जिल्ह्यांतून जो खारपाणपट्टा पसरला आहे, तेथे विहिरीचे पाणी खारट. त्यात डाळ लवकर शिजत नाही ही तेथल्या घरांची जुनी तक्रार. ओलिताची सोय नसल्याने तेथील शेतकऱ्याने पावसाने जमिनीत मुरलेल्या ओलीवर रब्बीचा हरभरा घेतला, आणि तोच हरभरा पिठाच्या रूपाने त्याच्या चुलीवर आला. जमीन, पाणी आणि जळण यांनी मिळून जे ठरविले त्यालाच आपण मागाहून आवड म्हणू लागलो, असे मला पुष्कळदा वाटते.

हरभऱ्याचा विषय निघालाच आहे तर त्याच्या पाल्यावर थोडे रेंगाळतो. झाड वीतभर झाले की त्याचे शेंडे खुडतात; शेंडे खुडल्याने झाडाला फांद्या फुटतात आणि घाटे अधिक धरतात, म्हणजे ही भाजी पिकाला इजा करून मिळत नसून पिकाची सेवा करता करता मिळते. त्या पानांवर एक आंबट दहिवर साचलेले असते, त्याला आंब म्हणतात. काही जुनी माणसे रात्री पिकावर स्वच्छ धडपे पसरून पहाटे ते पिळीत आणि ती आंब पोटदुखीवर औषध म्हणून बाटलीत भरून ठेवीत. भाजी करणारी बाई हा पाला धूत नाही, कारण धुतला की त्याचा आंबटपणाच जातो. ओला पाला कांदा, मिरची आणि तेल-मीठ लावून कच्चाच भाकरीबरोबर खाता येतो. पण खरी मातब्बरी वाळलेल्या पाल्याची. तो सावलीत वाळवून, चुरून, गाडग्यात तोंड बांधून ठेवला की आषाढात, जेव्हा गावची वाट चिखलाने बंद होते आणि बाजारचा दिवस कोरडा जातो, तेव्हा मूठभर चुरा, चमचाभर पीठ आणि लसणाची सढळ फोडणी एवढ्यावर एक भाजी तयार होते, जिच्यात माघातल्या शेताची आंबट चव तशीच असते.

बांधावरची अंबाडी हिची धाकटी बहीण शोभावी. तिच्या सालीचे दोर वळावेत, पाला शिजवून त्यात ज्वारीच्या कण्या, तुरीची थोडी डाळ आणि शेंगदाणे घालावेत, वरून लाल मिरची नि लसणाचे तेल ओतावे. पहिल्या पावसानंतर पडीक जागेत तरोटा उगवतो, त्याला मालक नसतो. उन्हाळ्यात चिवळ येते, तिची पाने इतकी बारीक की निवडताना डोळ्यांची परीक्षा होते. आणि रान जेव्हा सर्वस्वी रिकामे असते तेव्हा ऊन असते. अकोल्याचा मे महिना पारा ४५ अंशांपलीकडे नेऊन देशभरच्या वर्तमानपत्रांत नाव कमावतो. त्याच उन्हात छपरांवर बाजा टाकून मुगाच्या वड्या, ज्वारी-बाजरीच्या खारोड्या, कुरडया आणि सांडगे वाळत असतात. माणसाला असह्य होणाऱ्या ह्या उष्म्याचा असा वसूल मी दुसऱ्या कोणत्याही खात्यात पाहिलेला नाही.

भाजी मुळीच नसेल तर भाजी असल्याचा भास निर्माण करण्याची कलाही ह्या प्रांताने जोपासली. पाटोडीचा रस्सा हे तिचे उत्तम उदाहरण: बेसन घट्ट शिजवून ताटात थापायचे, त्याच्या वड्या कापायच्या, आणि कांदा-खोबरे भाजून वाटलेल्या तर्रीदार रश्श्यात त्या अशा थाटाने सोडायच्या की जेवणाऱ्याने काही मौल्यवान हाती लागल्यासारखे त्या चाळून काढाव्यात. कढीगोळे त्याच जातीचे. कशाचीच सोय नसेल तर जवसाची चटणी. भाजलेले जवस, लाल मिरची, लसूण, मीठ, वर कच्चे तेल. ह्या चटणीवर भाकर खाऊन उठलेला माणूस उपाशी उठला असे म्हणता येत नाही.

मी अमरावतीस शिकावयास राहिलो तेव्हा ही विद्या प्रत्यक्ष उपयोगात आणण्याचा प्रसंग आला. खेड्यातील मुलांच्या शिक्षणाची ह्या शहराला परंपरा आहे. पंजाबराव देशमुखांनी येथे काढलेल्या श्रद्धानंद छात्रालयात सर्व जातींची मुले एकत्र राहून शिकली, आणि त्याच्या आधीच्या पिढ्या वार लावून जेवल्या. आमच्या वेळी वार गेले होते आणि खानावळ परवडत नव्हती, म्हणून राजापेठेच्या बाजूला एका खोलीत आम्ही काही सोबती रॉकेलचा स्टोव्ह, एक पातेले आणि एक तवा एवढ्या सामग्रीवर संसार थाटून होतो. दर्यापूरकडचा सोबती घरून बेसन आणि वाळला पाला आणी, अचलपूरकडचा ज्वारीचे पीठ, आणि माझ्या गाठोड्यात मोठ्या आईने दिलेल्या खारोड्या व जवसाची चटणी असे. भाकर थापणे हे काही पुरुषी बोटांना दोन दिवसांत वळणारे काम नव्हे. ज्वारीच्या पिठाला गव्हासारखा चिवटपणा नसतो, ते उकळत्या पाण्याने मळावे लागते, आणि पीठ शिळे असेल तर कितीही मिनतवाऱ्या केल्या तरी भाकर कडेने फाटते. तेव्हा आम्ही तो मार्गच सोडून दिला आणि तेच पीठ ताकात पातळ कालवून, कांदा-मिरची टाकून त्याची धिरडी घालू लागलो. ताक दूधवाल्याकडून जवळजवळ फुकट मिळे. महिनाअखेरीस कांदाही परवडेनासा झाला की खारोड्या कुटून त्यांची आमटी होई. त्या खोलीतले जेवण उत्तम होते असे मी म्हणणार नाही. तथापि पुढे पुष्कळ ठिकाणी पुष्कळ दाम मोजून जेवल्यावरही ती धिरडी मला कमी प्रतीची वाटली नाहीत.

असल्या जेवणाचे गोडवे गाणाऱ्यांची आता कमतरता नाही. हमरस्त्यावरील ढाब्यांनी ‘चुलीवरचे’ अशी पाटी लावून चून-भाकरीला शहरी भाव आणला आहे, आणि तेथे जेवून आलेले सद्गृहस्थ साधेपणावर तासभर बोलतात. परंतु ह्या साऱ्या स्वस्ताईच्या जमाखर्चात एक रक्कम कोणीच खतावीत नाही. तरोट्याची भाजी फुकट म्हणावी, तर भर पावसात रानात जाऊन ती खुडली कोणी? चिवळ कवडीमोल म्हणावी, तर दुपारभर ती निवडीत कोण बसले? पऱ्हाटीचा भारा डोक्यावरून कोणी आणला, आणि घर निजलेले असताना पहाटे जात्याचा खुंटा कोणी धरला? रोख पैसा घराबाहेर गेला नाही, एवढ्यावरून घरातल्या कर्त्या पुरुषाने खर्चच झाला नाही असा निष्कर्ष काढला आणि आम्ही त्याची मुले तोच निष्कर्ष पुढे चालवीत आलो. जाते गेले म्हणून हळहळणारे लेख मी बरेच वाचले आहेत. ते लिहिणाऱ्यांपैकी कोणाच्या तळव्याला घट्टे असल्याचे ऐकिवात नाही. आमच्या गावात विजेची गिरणी आली तेव्हा मोठ्या आईने जाते उचलवून गोठ्याच्या कोपऱ्यात ठेवविले, आणि त्याविषयी एक शब्दही हळवा उच्चारला नाही.

जेवण कमी पडे तेव्हा ते सर्वांना सारखे कमी पडत नसे, हेही येथे नमूद केले पाहिजे. चुनात पाणी वाढे. पाण्यानेही भागेनासे झाले की तूट शेवटच्या ताटावर येई, आणि ते ताट कोणाचे हे सांगायला पंचनाम्याची गरज नाही. मोठी आई ताट घेतच नसे. ती कढईतच भाकर कुस्करून बसे आणि “मले खरवडच आवडते” असे सांगे. पंचाईत अशी की चुनाची खरवड खरोखरीच चवदार असते, त्यामुळे तिच्या त्या सांगण्यात आवड किती आणि अडचण किती, याचा निवाडा मला आजतागायत करता आलेला नाही.

भाकरीच्या मोबदल्यात श्रमाचा चोख हिशेब मांडणारा एक पुरुष ह्याच मातीत होऊन गेला. अंजनगाव सुर्जी तालुक्यातील शेंडगावी १८७६ साली जन्मलेले डेबूजी झिंगराजी जानोरकर मूर्तिजापूरजवळच्या दापुऱ्यास आजोळी वाढले, १९०५ साली घर सोडून निघाले, आणि अंगावर चिंध्या, हाती खराटा व एक मातीचे गाडगे घेऊन उभा महाराष्ट्र फिरले. तेच गाडगे त्यांचे ताट, तेच पाण्याचे भांडे, आणि नावही त्यावरूनच पडलेले. गाडगेबाबा गावात शिरत ते प्रथम रस्ता झाडीत, आणि मग कोणाच्या दारची भाकर घेत. काम केल्यावाचून घास घेणे त्यांना मान्य नव्हते. ताटे विका, हातावर भाकर घेऊन खा, पण मुलांना शाळेत घाला, असा त्यांचा उपदेश असे. १९५६ च्या डिसेंबरात वलगावानजीक त्यांचा देह पडला आणि अमरावतीत त्यांची समाधी झाली. झुणका-भाकरीला दैवी प्रतिष्ठा मिळाली ती मात्र शेगावी: १८७८ साली गजानन महाराज प्रथम दिसले ते उष्ट्या पत्रावळींवरील शिते वेचताना, आणि भक्ताची गाडी चुकली म्हणून पक्वान्नांचे नैवेद्य बाजूला सारून ते त्याच्या भाकरीची वाट पाहत थांबले, ही पोथीतली कथा वऱ्हाडात लहान पोरांनाही ठाऊक आहे. आजही तेथे झुणका, भाकर आणि अंबाडीची भाजी हाच आवडीचा नैवेद्य मानतात.

सरकारनेही गरिबाचे ताट कसे असावे याचा विचार वेळोवेळी केला. १९७२ च्या दुष्काळात राज्यभर रेशनच्या दुकानांतून परदेशी तांबडी मिलो आली आणि खडी फोडण्याच्या कामांवर सुकडी वाटली गेली; त्या मिलोची भाकर कोणालाही रुचली नाही, तरी घरोघरच्या बायांनी तीत जे सापडेल ते पीठ मिसळून ती पोटात जाईल अशी केली. १९९५ साली एका रुपयात झुणका-भाकर देणारी केंद्रे निघाली. २६ जानेवारी २०२० पासून शिवभोजन थाळी आली: दहा रुपयांत ३० ग्रॅमच्या दोन चपात्या, १०० ग्रॅम भाजी, १५० ग्रॅम भात आणि १०० ग्रॅम वरण. ह्या दोन योजनांच्या मधल्या पंचवीस वर्षांत गरिबाच्या ताटातून ज्वारी नाहीशी झाली, ही गोष्ट कोणत्याही शासननिर्णयात लिहिलेली नाही, परंतु ग्रॅमच्या त्या तक्त्यात ती वाचता येते.

ज्वारी गेली त्याची कारणे वऱ्हाडातला कोणताही शेतकरी सांगेल. पाखरांपासून आणि रानडुकरांपासून तिची राखण करावी लागते, कापणी-खुडणीला मजूर मिळत नाहीत, भाव मिळत नाही, आणि बैल कमी झाल्यावर कडब्याची गरजही उरली नाही. त्याच जमिनीत सोयाबीन पेरले तर चार महिन्यांत रोकड हाती येते. परिणामी जी भाकर एके काळी गव्हाची पोळी न परवडणाऱ्याचे अन्न होती, ती आज गव्हाहून महाग धान्याची झाली आहे, आणि शिधापत्रिकेवर गहू-तांदूळ मोफत मिळत असलेल्या कुटुंबाला ज्वारी मात्र बहुधा बाजारभावाने विकत घ्यावी लागते. जवसाचीही तीच गत. पूर्वी घाणीवरून तेल येई, आता तो शहरांतील दुकानांत हृदयाला हितकारक म्हणून इवल्याशा पाकिटांतून विकला जातो.

अकोल्यास जुन्या शहरात राहणाऱ्या माझ्या चुलत सुनेने यावर तोड काढली आहे. रेशनचा तांदूळ तिच्याकडे खाऊन उरतो. तो ती धुऊन, सुकवून गिरणीत दळून आणते आणि तीन वाट्या ज्वारीच्या पिठाला दोन वाट्या तांदळाचे पीठ मिसळते. अशी भाकर पांढरी दिसते पण निवली की कडक होते, म्हणून सालासकट दळलेल्या उडदाचे मूठभर पीठ ती त्यात टाकते, ज्याने पिठाला चिकटपणा येतो. आणि अंबाडीच्या भाजीत ज्वारीच्या कण्यांऐवजी त्याच तांदळाची चुरी घालते. घरातल्या वडील मंडळींनी पहिल्या दिवशी नाके मुरडली. तिने त्यांना ज्वारीचा चालू भाव सांगितला, आणि पऱ्हाटी कोणी आणून देणार असेल तर उद्यापासून चूलही पेटवायला आपली ना नाही, असेही सांगितले. त्यावर कोणी काही बोलले नाही, आणि कढईतले चून संपले तेव्हा तिने आणखी एक वाटी पीठ वैरून स्वतःचे ताट आधी वाढून घेतले.